घारापुरी: चार तासांच्या पाहुण्यांनी लिहिलेला इतिहास

नववीत असताना आमच्या वरणगावच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. रात्री भुसावळहून गाडी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि सकाळी दादरला उतरल्यावर सरांची शिट्टी. पहिल्या दिवशी राणीची बाग. तिथे संग्रहालयाशेजारी एक मोठा दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यापुढे आमचा वर्गाचा फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी गेटवेवरून बोटीने घारापुरी. एक तास जायला, एक तास यायला, मध्ये तीन-साडेतीन तास. परत आल्यावर सहलीच्या वहीत मी लिहिलं होतं: ‘एलिफंटा येथे ब्रह्मा, विष्णू, महेश यांची त्रिमूर्ती आहे. पोर्तुगीजांनी येथील मूर्ती फोडल्या. आम्ही वेफर्स खाल्ले.’

ती वही मागच्या दिवाळीत घरी सापडली. तीन वाक्यांपैकी तिसरंच तेवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पहिलं चूक आहे आणि दुसरं अर्धवट. आता गंमत अशी की ही दोन वाक्यं माझ्या पीएचडीच्या पहिल्या मसुद्यातही जवळजवळ तशीच आली होती, फक्त या वेळी खाली संदर्भ होते.

आज त्याबद्दलच लिहायचं आहे. तुमच्यातले बरेच जण संशोधनाच्या तयारीत आहात आणि ‘साहित्याचा आढावा’ नावाचं प्रकरण लवकरच तुमच्या बोकांडी बसणार आहे, म्हणून.

आधी माझा प्रश्न सांगते. मी भूशास्त्राची. माझं काम बेसॉल्टमध्ये कोरलेल्या लेण्यांचा दगड कसा झिजतो यावर आहे. झीज मोजायची तर आजची अवस्था मोजून भागत नाही, आधीची अवस्थाही माहीत लागते. घारापुरीच्या मुख्य लेण्यातली बरीच शिल्पं कमरेखाली उद्ध्वस्त आहेत. नटराजाचे पाय गेलेत, इतर अनेक पटांचा खालचा भाग गेलाय. वरचा भाग त्या मानानं शाबूत. हे बघून कोणीही म्हणेल, माणसाचा हात पोचतो तिथवर फोडलंय. पण भिंतीचा तोच भाग जमिनीतला ओलावा वर ओढतो, खाऱ्या हवेतलं मीठ तिथेच साचतं, आणि पाणी सुकताना मिठाचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतात. म्हणजे हातोडा आणि मीठ, दोघांची खूण एकाच उंचीवर! वेगळं करायचं कसं? तर कोणत्या वर्षी कोणी काय तुटलेलं पाहिलं, हे शोधून. अशा रीतीने विज्ञानाची विद्यार्थिनी इतिहासाच्या कपाटापाशी आली.

मसुद्यात मी ठोकून दिलं होतं की पोर्तुगीज सैनिकांनी मूर्तींवर नेमबाजी केली. खाली पाच संदर्भ. गाईडांनी त्या पाचांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “यातलं कोण तिथे हजर होतं?” कोणीच नव्हतं. पाचही विसाव्या शतकातले, आणि एकमेकांकडे बोट दाखवणारे.

मग मुळाकडे गेले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हे बेटही आलं. गार्सिया द ओर्टा हा वैद्य त्याच वर्षी भारतात आला. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात तो या देवळाबद्दल लिहितो की १५३४ मध्ये ते पाहण्यासारखं होतं, आता आत गुरं शिरत असल्यामुळे फार खराब झालंय. पुन्हा वाचा. गुरं! एकच माणूस, दोन काळ, आणि नुकसानीचं कारण म्हणून जनावरं. माझ्या पाच संदर्भांपैकी एकातही गुरांचा उल्लेख नव्हता. गोठा म्हटलं की शेण-मूत्र आलं, त्यातले क्षार आले, खांबाला अंग घासणं आलं. खानदेशात वाढलेल्या कोणालाही गोठ्याच्या भिंतीचा खालचा हातभर भाग कसा होतो ते सांगायला नको.

दुसरा साक्षीदार जुआंव द कास्त्रो. हा पुढे पोर्तुगीज भारताचा व्हाइसरॉय झाला, पण १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवकडे जाताना तो किनाऱ्याची नोंदवही लिहीत होता: खोली, भरती, दिशा, होकायंत्राचा फरक. तसाच तो लेण्यात शिरला आणि त्याने लांबी-रुंदी मोजली, खांबांचा हिशेब मांडला. देवांबद्दलचं त्याचं मत काय होतं याच्याशी मला देणंघेणं नाही. साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरही त्याची मापं आजच्या मापांशेजारी ठेवून बघता येतात, कारण त्याने मोजलं होतं. थोड्या वेळात काय करावं याचा हा उत्तम नमुना आहे.

तिसरा दियोगो द कोतो, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा इतिहासकार. दारावर एक कोरीव शिलालेख होता, तो पोर्तुगीजांनी काढून राजा तिसऱ्या जुआंवकडे पाठवला, तिथे तो कोणाला वाचता आला नाही, असं तो सांगतो. तो दगड पुन्हा सापडलेला नाही. लेणी कोणी कोरली हा वाद आजही चालू आहे त्याचं हे एक मोठं कारण. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मिळाली, वा. वि. मिराशींसारख्यांनी त्यावरून कलचुरींकडे बोट दाखवलं, वॉल्टर स्पिंक यांनीही सहाव्या शतकाचा मध्य धरला. दुसरीकडे ऐहोळेच्या ६३४ च्या प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली ‘पुरी’ जहाजांनी जिंकल्याचं येतं. ती पुरी म्हणजे घारापुरी की आणखी कोणती, यावर पानंच्या पानं खर्ची पडलीत. एक दगड जागेवर राहिला असता तर कदाचित यातलं निम्मं लागलं नसतं.

आणि नेमबाजी? १७१२ मध्ये कॅप्टन पाइक या इंग्रजाने बेट पाहिलं, चित्रं काढली. त्याच्या वृत्तांतात एका पोर्तुगीज सरदाराची गोष्ट येते. लेण्यात आवाज फार छान घुमतो, ती मौज घ्यायला त्याने आत तोफा डागल्या आणि काही खांब मोडले. लक्षात घ्या, पाइकने हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. त्यात मूर्तिभंजनाचा आवेशही नाही. आहे ती सहलीतली मस्ती. माझ्या वाचनात तरी मला पोर्तुगीज निर्दोष ठरलेले दिसले नाहीत, पण ‘धर्मवेड्या सैनिकांची नेमबाजी’ या एका ओळीत गुरं, तोफांचा घुमारा, मीठ आणि पाऊस असे चार वेगळे गुन्हेगार दडपले गेले होते, हे मात्र दिसलं.

आता राणीच्या बागेतला हत्ती. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं तोच हा. जुन्या धक्क्याजवळ उभा असायचा. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली, मग बाकीचा हत्ती ढासळला. तोवर वसई मराठ्यांकडे जाऊन पाऊण शतक झालं होतं, आणि बेट १७७४ च्या अखेरीला साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेलं होतं. कोणीही गोळी झाडली नाही, तोफ डागली नाही. दगड आतून भेगाळला होता तो पडला. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं घाटत होतं, उचलताना यारी मोडली आणि तुकडे मुंबईतल्या बागेत आले. पुढे १९१४ च्या सुमारास ते जोडले गेले. माझ्या संपूर्ण प्रबंधातला निव्वळ झिजेचा सर्वात स्वच्छ पुरावा, आणि नववीत मी त्याच्यापुढे उभी राहून दात काढत होते.

हे सगळे साक्षीदार ओळीने मांडल्यावर एक गोष्ट खटकली. ओर्टा, कास्त्रो, पाइक, नंतरचे बहुतेक इंग्रज अधिकारी: सगळे पाहुणे. सकाळी होडीने यायचं, लेणं बघायचं, सावलीत जेवायचं, उजेड असताना परतायचं. १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज मुंबईला आले तेव्हा तर मुख्य लेण्यातच मेजवानी झाली. म्हणजे आमचे वेफर्स परंपरेला धरूनच होते. चार-साडेचार शतकांचा हा लेखी पुरावा मुळात सहलीच्या वह्यांचा आहे.

भूमध्य समुद्रात, ग्रीसच्या बाजूला, डेलॉस नावाचं एक छोटं बेट आहे. खाऱ्या वाऱ्याने दगड कसा झिजतो यावर शोधता शोधता मी तिथे पोचले (कागदावर हो, शिष्यवृत्तीत तेवढं बसत नाही). शेजारच्या मिकोनोसवरून अर्ध्या तासात बोट पोचवते. लोक सिंहांची रांग बघतात, फरशीवरची रंगीत खड्यांची चित्रं बघतात, ११२ मीटरची किंथोस टेकडी चढतात, आणि परततात. मुक्कामाला परवानगी नाही. घारापुरीलाही पर्यटकाला रात्री राहता येत नाही. घारापुरी १९८७ मध्ये जागतिक वारशात आली, डेलॉस १९९० मध्ये. तिथले सिंह संगमरवरी, वाऱ्या-मिठाने इतके झिजले की मूळचे संग्रहालयात हलवून बाहेर प्रतिकृती ठेवल्यात. एक सिंह तर फार पूर्वीच उचलून व्हेनिसला नेला गेला, तिथे त्याला नवं डोकं बसवलं. आमच्या हत्तीचा भाऊच म्हणा!

डेलॉसवरून शिकण्यासारख्या दोन गोष्टी मला वाटल्या. पहिली, आकडा. स्ट्रॅबो या भूगोलकाराने लिहून ठेवलंय की डेलॉसच्या बाजारात एका दिवसात दहा-दहा हजार गुलाम येऊन विकले जाऊ शकत. गुलामांच्या व्यापारावरच्या लिखाणात हा आकडा सतत भेटतो. पण डेलॉसची भरभराट इसवी सनापूर्वी ८८ मध्ये मिथ्रिडेटीसच्या हल्ल्याने मोडली आणि स्ट्रॅबोने लिहिलं त्यानंतर काही पिढ्यांनी. त्यानेही मोजलेलं नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इसवी सनापूर्वी ४२६ च्या सुमारास अथेन्सवाल्यांनी डेलॉस ‘शुद्ध’ केलं, थडगी उकरून शेजारच्या बेटावर नेली आणि फर्मान काढलं की यापुढे इथे कोणी जन्मू नये, कोणी मरू नये. आज तिथे वस्ती नाही. रात्री असतात ते पहारेकरी आणि उत्खननवाले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ १८७० च्या दशकापासून तिथे खणताहेत, महिनोन्‌महिने राहून. डेलॉसची माहिती इतकी बारीक आहे त्याचं कारण हे, की रात्री राहणारे आणि लिहिणारे तिथे एकच आहेत.

घारापुरीला तसं नाही. इथे रात्री राहणारी माणसं आहेतच: शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन वस्त्या. गेटवेवरून तासाभराच्या अंतरावर असूनही इथे समुद्राखालच्या केबलने वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मी सहलीला गेले तेव्हा शेवटची बोट सुटल्यावर या गावांत अंधारात काय चालत असेल, हा प्रश्नच आमच्यापैकी कोणाला पडला नव्हता. जे वर्षभर राहतात त्यांनी लिहिलेलं माझ्या संदर्भसूचीत काहीच नव्हतं, आणि जे चार तास होते त्यांनी लिहिलेलं अडीच पानं भरून.

पाहुण्यांच्या नोंदीत नेमकं काय निसटतं? माझ्या कामापुरतं सांगायचं तर पावसाळा. जहाजं पाऊस संपल्यावर निघायची. कास्त्रो गोव्याहून नोव्हेंबरात निघाला, युवराजही नोव्हेंबरातच आले. आजही पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. म्हणजे दगडाची झीज ज्या चार महिन्यांत सर्वात जोरात होते, पाणी कुठून झिरपतं आणि कुठे साचतं हे ज्या काळात दिसतं, त्या काळातली माझ्याकडे एकही जुनी नोंद नाही. आमच्याकडे हतनूरला पक्षी हिवाळ्यात मोजतात, तेही बहुतेक रविवारी. मे महिन्यातल्या ४५ अंशांत धरणावर कोण जाणार? हतनूरच्या पक्ष्यांची माहिती म्हणजे बरीचशी हतनूरला जाणाऱ्या माणसांच्या सुट्ट्यांची माहिती. विज्ञानात आपण याला नमुन्यातला कल म्हणतो आणि परीक्षेत व्याख्याही लिहितो. जुनं पुस्तक समोर आलं की मात्र विसरतो.

एक निसटतो तो उजेड. मुख्य लेणं उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे शिल्पांवरचा प्रकाश दिवसभर फिरत राहतो. पहिल्या बोटीने गेलात तरी पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत सकाळचा तिरपा उजेड संपत आलेला असतो. शिवाय पायवाट आपल्याला उत्तरेच्या दाराशी आणून सोडते, समोर दक्षिण भिंतीवर ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती दिसते, आणि आपण समजतो की लेणं इथूनच बघायचं. पण शिवलिंगाचा चार दारांचा गाभारा आहे पूर्व-पश्चिम अक्षावर. जोगेश्वरीचं लेणंही पूर्व-पश्चिमच. मूळचा भक्त पूर्वेच्या अंगणातून शिरत असेल, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. पूर्वेकडून आलात तर लिंग समोर येतं, त्रिमुख नंतर डावीकडे उमगतं.

त्या त्रिमुखाला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणणं ही चूकही घाईची आहे. तीन तोंडं दिसली, तीन देव आठवले, झालं. जुन्या युरोपीय वर्णनांत हे सर्रास सापडतं, माझ्या वहीत सापडतं, आणि बोटीवरचे लोक आजही तसंच सांगतात. तिन्ही मुखं एकाच शिवाची आहेत: मध्ये शांत, एका बाजूला उग्र, दुसऱ्या बाजूला सौम्य स्त्रीरूप. गोपीनाथ राव यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती महेशमूर्ती असल्याचं मांडलं. अख्खं लेणं शिवाचं असताना मधोमध अचानक तीन देव का येतील, असं शेजारचे पट सावकाश बघितल्यावर सुचतं. पण त्यासाठी शेजारचे पट बघावे लागतात.

पाहुण्यांमधला एक मला फार आवडतो, कार्स्टन नीबूर. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाकडे पाठवलेल्या मोहिमेतला मोजणीदार. एकेक सोबती आजाराने गेला, चित्रकार तर मुंबईला पोचण्याआधी समुद्रातच वारला, आणि शेवटी परत गेला तो एकटा नीबूर. मुंबईतल्या मुक्कामात तो घारापुरीला एकदा जाऊन थांबला नाही, पुन्हा गेला. चित्रकार उरला नव्हता म्हणून आराखडे आणि चित्रं स्वतः काढली. राहायला तोही राहिला नाही. फक्त परत गेला. पुढे अर्स्किनचा निबंध १८१९ मध्ये छापून आला आणि बर्जेसचं पुस्तक १८७१ मध्ये, तेव्हा शिल्पागणिक काय तुटलंय याची नोंद मिळू लागते. माझा आलेख खऱ्या अर्थाने सुरू होतो तो तिथून. त्याच्या आधीचे बिंदू मी आता पोकळ वर्तुळांनी दाखवते.

तर तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. पहिली बोट धरा. बाकीचे मुख्य लेण्याकडे धावतील तेव्हा तुम्ही पूर्वेची टेकडी विचारा: तिथे विटांच्या स्तूपाचा ढिगारा आणि बौद्ध लेणी आहेत, म्हणजे शिवाच्याही आधीचं बेट. मोराबंदराच्या बाजूला भूमध्य समुद्राकडून आलेल्या कुंभांची खापरं मिळाली आहेत, मद्य नाहीतर तेल भरून आलेल्या. डेलॉसशी थेट नातं जोडायची घाई मी करणार नाही, तुम्हीही करू नका. खापर दिसलं तरी उचलू नका. मग मुख्य लेण्यात जा, पूर्वेच्या अंगणातून शिरा, एकच पट निवडा आणि त्याच्यासमोर अर्धा तास बसा. वहीत तारीख, वेळ आणि उजेड कुठून येतोय ते लिहा. जे ऐकलं त्यापुढे ‘ऐकलं’ असं लिहा. माकडांपासून डबा सांभाळा, हा सल्ला मी मात्र स्वतः अनुभवलेला आहे.

मी आतापर्यंत पाच वेळा गेले. तिसऱ्या खेपेला पायऱ्यांवर ताक विकणाऱ्या एका मावशींपाशी बसले होते. मी भिंतीचे फोटो काढते हे त्यांनी पाहिलेलं. म्हणाल्या, “तू उन्हाळ्यात येऊन काय बघणार? आषाढात ये. पाणी कुठनं येतं ते दाखवते.” मग हातातल्या उलथ्या पेल्यावर बोट फिरवून त्यांनी मला सांगितलं, कोणत्या कोपऱ्यात पहिल्या पावसात ओल येते, कुठे श्रावणात, आणि कुठली जागा त्यांच्या लहानपणी कोरडी असायची. मी ते सगळं लिहून घेतलं, त्यांची परवानगी घेऊन. प्रबंधात संदर्भ म्हणून ते कसं द्यायचं यावर गाईडांशी दोन बैठका झाल्या, अजून ठरलेलं नाही.

कार्यपद्धतीच्या प्रकरणात मी एक ओळ घातली आहे: संशोधक बेटावर एकूण किती तास होती. बेरीज केली तर एकोणीस तास भरले, त्यातले पावसाळ्यातले शून्य. या आषाढात बोट सुटली तर जाणार आहे. मावशींना फोन केलाय.